कैलासवासी विश्वंभर खर्डेकर यांची नागपूरची बायको

विश्वंभर खर्डेकर मालिका सुरू होण्याच्या सात वर्षं आधी वारला, आणि मालिका सुरू झाल्यापासून त्याला मेल्याचं सुख एक दिवसही मिळालेलं नाही. मेला म्हणजे सुटला असं जे म्हणतात, ते ज्यांच्यावर मालिका निघाली नाही त्यांच्यासाठी.

खर्डेकर बंगल्यात जो तो त्याच्याबद्दल बोलायचा, आणि जे बोललं जाईल ते त्याला व्हायचं. नियम एवढाच. नवव्या भागात यामिनी, म्हणजे त्याची बायको, सुनेला म्हणाली, "ह्यांना वांगं अजिबात चालायचं नाही." त्या क्षणापासून वांग्याच्या नुसत्या वासानं त्याच्या पोटात ढवळायला लागलं. दोनशे बाराव्या भागात तीच यामिनी, तीच हिरवी साडी नेसून म्हणाली, "माझ्या हातची भरली वांगी म्हणजे ह्यांचा जीव की प्राण." झालं! तेव्हापासून त्याच्या जिभेच्या डाव्या बाजूला पाणी सुटतं आणि उजव्या बाजूला मळमळतं. अठराव्या भागात तो सहा फूट उंच होता. तीनशेव्या भागात मुलानं, शार्दूलनं, "बाबांचा कोट" म्हणून जो अंगात घातला तो आखूड निघाला. कोणाच्याही लक्षात आलं नाही, सगळे कोटाला कवटाळून रडले, आणि विश्वंभर जागच्या जागी चार इंच खाली आला. गुडघ्यांत ज्या कळा आल्या त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द बोललं नाही.

मरणाचीही तीच तऱ्हा. आधी तो घाटात गाडी कोसळून मेला होता. चारशे दहाव्या भागात डॉक्टर म्हणाले, "झटका मोठा होता, यामिनीताई, आम्ही काही करू शकलो नाही." म्हणजे दरीतून वर या, कपडे झटका, आणि छाती धरून पुन्हा पडा. आठशेव्या भागात उघड झालं की धाकट्या भावानं दुधातून विष दिलं. म्हणजे पुन्हा उठा, दूध प्या. विश्वंभर प्यायला. दूध नासकं होतं. एकदा मेलेल्या माणसाला आणखी दोनदा मारताना कोणी त्याला विचारलं नाही, आणि मारून झाल्यावर सगळे जेवायला गेले.

राहायला त्याला दिवाणखान्याच्या भिंतीमागं दीड वीत जागा होती, प्लायवूड आणि खऱ्या भिंतीच्या मधली. प्लायवूडच्या पुढच्या अंगाला त्याच्या फोटोची चौकट टांगलेली. चौकटीत फोटो नव्हता. सुरुवातीला फोटोसाठी सात नटांना विचारलं, पण हार घालून भिंतीवर लटकायला एकही तयार होईना. एकाची आई सेटवर येऊन भांडून गेली, "माझ्या धडधाकट लेकाला हार घालता? तुमच्या घरात नाहीत का माणसं?" एक म्हणाला, हवं तर पाठमोरा देतो. शेवटी चौकटीत राखाडी पुठ्ठा घातला, त्यावर चंदनाचा हार चढवला आणि कॅमेरा कायम चौकटीच्या मागच्या बाजूनं, प्लायवूडला खाली भोक पाडून लावायचं ठरलं. म्हणजे फोटोकडे बघून रडणारी माणसं दिसतात, फोटो दिसत नाही. काय कल्पना लढवलीय, असं लोक म्हणाले. कल्पना कसली डोंबलाची! विश्वंभरला तेव्हापासून चेहऱ्याच्या जागी पुठ्ठा होता. खाजवलं की भुगा पडायचा. आणि तो कॅमेरा बारा तास त्याच्या मांडीवर.

हे सगळं तो सोसत होता ते एका गोष्टीपायी.

यामिनीचं काम करणारी बाई सकाळी नऊपर्यंत भलतीच कोणीतरी असायची. मेकअपच्या खोलीत खिचडी खायची, फोनवर कोणालातरी गॅसचा नंबर लावायला सांगायची. तिच्याशी विश्वंभरला काही देणंघेणं नव्हतं. साडी नेसून, पदर सारखा करून ती दिवाणखान्यात आली की यामिनी व्हायची. मग लाइटवाले दिवे इकडचे तिकडे करायचे, त्यात दहा-पंधरा मिनिटं जायची, आणि तेवढ्या वेळात ती चौकटीसमोर उभी राहून हळूच बोलायची.

"अहो, टाचा फार दुखतायत आज."

"अहो, चहा आणते म्हणाली सूनबाई, कुठं उलथली कोण जाणे."

हे कोणी लिहून दिलेलं नव्हतं. ह्या बोलण्यानं त्याला काहीच व्हायचं नाही. उंची घटायची नाही, जीभ फाटायची नाही, नवीन मरण यायचं नाही. बाराशे भागांत त्याच्याशी बोललेली तेवढीच वाक्यं अशी होती की ज्यांच्यानंतर तो होता तसाच राहायचा.

मंगळवारी सकाळी, कोणी अजून काही बोललेलं नसतानाच, भिंतीमागची जागा लांबली.

तो नेहमीसारखा पाठ टेकायला गेला तर पाठीला भिंतच लागेना. वळून बघतो तर बोळ. चाळीस पावलं चालल्यावर दार, हिरव्या रंगाचं, ताजं रंगवलेलं. त्यानं ढकललं. आत एक बाई पोळपाटावर वाकली होती. तिनं मान वर केली.

"आले का तुम्ही? हातपाय धुऊन घ्या न. पोळ्या टाकून राहिली मी."

"आपण कोण?"

"घ्या! पंधरा वर्षं झाले, अन् आता इचारून राहिले कोण. मंदा नाही का मी? नागपूर आलं ना तुमचं. झोप नाही झाली वाटते गाडीत."

आतल्या खोलीतून कोणी मुलगी "बाबा आले!" म्हणाली. विश्वंभरनं दार ओढून घेतलं. तळहाताला हिरवा रंग लागला. तो पुसत पुसत तो चाळीस पावलं उलटा आला आणि तडक घोणसेकडे गेला.

घोणसे मालिकेचे संवाद लिहायचा. सेटच्या मागं एका उलट्या खोक्यावर बसून अंगठ्यानं फोनवर लिहायचा, आणि लिहिलेलं तासाभरात नटांच्या तोंडात असायचं. साऱ्या बंगल्यात विश्वंभरचा आवाज त्या एकट्याला ऐकू यायचा. पण घोणसेला वाटायचं, तो आपल्याच डोक्यातला आवाज आहे, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

"घोणसे, ही नागपूरची काय भानगड आहे?"

"वा. पात्र बोलायला लागलं," घोणसे खूश होऊन स्वतःशीच म्हणाला.

"पात्र गेलं खड्ड्यात. मी बोलतोय. मी नागपूरला कधी गेलो होतो?"

"दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. कामानिमित्त."

"कसलं काम?"

"ते पुढं बघू."

"माझा धंदा काय होता, ते तरी ठरलंय का?"

घोणसेचा अंगठा थांबला. "उद्योगपती होतात तुम्ही."

"कशाचा?"

"उद्योगाचा."

विश्वंभरनं कपाळावर हात मारला. पुठ्ठा वाजला.

"हे बघा, खर्डेकर," घोणसे म्हणाला, "टीआरपी पडलाय. घरात बाकी सगळ्यांचं बाहेर काहीतरी दाखवून झालं. शार्दूलचं झालं, तुमच्या भावाचं दोनदा झालं, सत्यनारायणाला येतात त्या गुरुजींचंसुद्धा झालं. तुम्ही एकटे स्वच्छ उरला होतात. आणि मेलेला माणूस बरा असतो. तारखांवरून नखरे करत नाही."

"आणि तिला काय वाटेल?"

"कोणाला?"

"यामिनीला!"

"तेच तर पाहिजे. उद्या ती तुमचा फोटो भिंतीवरून उतरवणार आणि माळ्यावर टाकणार. परत नाव काढणार नाही. ज्या माणसाला बाराशे भाग देव मानला, त्याला! घराघरांत बायका पदर तोंडात कोंबून रडतील."

"मग मी कुठं जायचं?"

"तुम्ही आता नागपूरचे."

"अरे, मेलेल्या माणसाची तरी लाज धरा!" विश्वंभर ओरडला. "ज्याला तोंड नाही त्याच्या तोंडाला काळं फासता?"

घोणसेनं ते वाक्य पुटपुटून पाहिलं, मान डोलावली आणि फोनवर उतरवून घेतलं. दुपारच्या प्रसंगात धाकटी जाऊ चारुलता कमरेवर हात ठेवून यामिनीला म्हणाली, "मेलेल्या माणसाची तरी लाज धरा, वहिनी! नागपुरात त्याची बायको जिवंत आहे, आणि तुम्ही इथं फोटोला हार घालताय?"

त्याचंच वाक्य. त्याच्याच बायकोच्या अंगावर. यामिनीनं भिंतीला हात टेकला तो नेमका चौकटीशेजारी, आणि विश्वंभरला प्लायवूडमधून त्या हाताचा भार लागला. त्यानंतर दिवे हलवले जात असताना ती एकटी उभी होती. एक पाय उचलून तिनं टाच दाबली. चौकटीकडे बघितलं. टाचा दुखतायत एवढंसुद्धा ती त्याला म्हणाली नाही.

तीन वेळा मेला तेव्हा नाही वाटलं ते त्याला तेव्हा वाटलं. वैताग तर होताच, तो जन्मभराचा होता, म्हणजे मरणभराचा. पण हे निराळं होतं. आपण जे केलं नाही ते आपण केलेलं नाही, एवढं एक वाक्य त्या बाईच्या कानावर घालायचं, मग फोटो माळ्यावर टाका नाहीतर बंबात घाला. पण सांगणार कुठल्या तोंडानं? त्याला तोंडच दिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा होती.

यामिनीचं काम करणारी बाई सकाळी आपल्या सोसायटीतल्या वडाला सूत गुंडाळून थेट सेटवर आली होती. उशीर झालेला. मेकअप घाईत झाला, पांढऱ्या काठांची साडी घाईत नेसून झाली, आणि ती दिवाणखान्यात येऊन उभी राहिल्यावर ऋचा किंचाळली. मागच्या प्रसंगात काय होतं, पुढच्यात काय हवं, कुंकू, बांगड्या, घड्याळ, हे सगळं जुळतंय का बघणं हे ऋचाचं काम.

"मॅडम! मंगळसूत्र! तुम्ही विधवा आहात!"

"अगं बाई," ती म्हणाली आणि हूक काढायला हात मागं नेला. हूक निघेना. वडाच्या सुताचा एक धागा त्यात अडकून घट्ट बसला होता. ऋचानं नखं लावली. कोणीतरी तेल आणलं. सामान सांभाळणारा हणमंता पक्कड घेऊन आला, त्यानं जमेना तसा कात्री घेऊन आला.

"वाढवू का, ताई?" त्यानं अदबीनं विचारलं.

बाईनं त्याच्या हातावर फटका मारला. "आजच्या दिवशी? हणमंता, तुला बायको आहे का नाही?"

"आहे की. ती पण वडालाच गेलीय."

"मग ठेव ती कात्री. माझा नवरा डोंबिवलीत चांगला इडली खातोय."

दिग्दर्शकानं घड्याळ बघितलं. "पदर घ्या, मॅडम. गळ्यापर्यंत घट्ट. कॅमेऱ्याला दिसलं नाही म्हणजे नाही. चला!"

तिनं पदर गळ्याभोवती लपेटला, खांदे सरळ केले आणि यामिनी झाली. पदराखाली काळे मणी तसेच राहिले.

खर्डेकर बंगल्यात कोणाचा नवरा आहे आणि कोणाचा गेला हे गळ्यावरूनच ठरायचं. यामिनीचा गळा मोकळा आहे आणि विश्वंभर मेलेला आहे, ह्या दोन गोष्टी कधी नव्हत्याच, ती एकच गोष्ट होती. ते मंगळसूत्र कोणाच्या नावाचं आहे हे मण्यांना काय ठाऊक? विश्वंभर जिवंत झाला.

आधी मनगटावरचं घड्याळ चालू झालं. मग पायात रक्त उतरलं, मुंग्या आल्या, बरगड्या फुगल्या आणि दीड वीत जागेत मावेनाशा झाल्या. भूक लागली. कानामागं डास चावला. पुठ्ठा निखळून खाली पडला आणि त्याजागी घाम आला. कॅमेरा मांडीवरून बाजूला सारून तो अंग चोरत बाहेर आला आणि चौकटीच्या शेजारी, यामिनीच्या समोर उभा राहिला. चाळीस माणसांपैकी कोणाचीही नजर तिकडं गेली नाही. तिथं सगळे कॅमेऱ्याच्या पडद्यातच बघत असतात, आणि पडद्यात तो नव्हता.

यामिनीनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"असे आहात होय," ती म्हणाली. "एवढं टक्कल असेल असं वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं."

"मॅडम पाठांतर करतायत, आवाज नको," ऋचानं सगळ्यांना बजावलं.

"यामिनी," विश्वंभर म्हणाला. आवाज चिरका निघाला, खऱ्या घशातून कधी काढलेलाच नव्हता. "ते नागपूर..."

"आत्ता नको."

"अगं, वेळ नाही. तो हूक निघाला की..."

"आत्ता मी अर्धी ती आहे. डोक्यात गॅसचा नंबर आहे," यामिनी हलक्या आवाजात म्हणाली. "शॉटमध्ये विचारते. लिहिलेलंच आहे तसं. 'सांगा ना, होती का ती तुमच्या आयुष्यात?' आणि मग माझा चेहरा तीनदा घेतात. तेवढा वेळ आहे. तेव्हा सांगा."

"बाराशे भाग तू मला विचारतेस. सांगा ना, बोला ना, असे कसे गेलात. उत्तराला कधी जागा ठेवलीस?"

"कोणी ठेवली नाही. मला तरी कोणी विचारलं?" तिनं पदर आणखी घट्ट ओढला. "हे बघा, ह्या घरात सगळ्यांचं काही ना काही निघालं. मी तुमच्या जिवावर मान वर करून चालायचे. मेलेल्या माणसाच्या जिवावर! तुम्ही नाही म्हणालात तर फोटो उतरवणार नाही. शॉट गेला खड्ड्यात. घोणसे नाचू देत. पण खोटं नका बोलू. दिवे लागले की मला कळतं."

"मी नाहीच म्हणणार आहे."

"मग म्हणा तेव्हा."

दिवे लागले. दिग्दर्शकानं हात वर केला. यामिनी चौकटीसमोर दोन पावलं पुढं आली, दोन्ही हात चौकटीला लावले, आणि चौकटीकडे न बघता शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, "सांगा ना. होती का ती तुमच्या आयुष्यात?"

विश्वंभरनं छाती भरून श्वास घेतला.

"थांबा!" साउंडवाले पेडणेकर कानावरचा हेडफोन दाबत उठले. "कोणीतरी श्वास घेतंय."

"पेडणेकर, श्वास सगळेच घेतात," दिग्दर्शक म्हणाला.

"हा पुरुषाचा आहे. मॅडमच्या अगदी समोरून येतोय. दमेकऱ्यासारखा."

"घोणसे, तुम्ही का?"

"मी खोक्यावर आहे," घोणसे खोक्यावरून म्हणाला.

दिग्दर्शकानं डोळे मिटून दहा आकडे मोजले. "ठीक आहे. पंखे बंद. एसी बंद. मी खूण केली की सगळ्यांनी श्वास रोखायचा. सगळ्यांनी! चहावाल्यानंसुद्धा. मॅडमचे तीन चेहरे होईपर्यंत कोणी सोडायचा नाही. त्यात जो आवाज उरेल तो पेडणेकर शोधतील, आणि तो माणूस आजच घरी जाईल."

पंखे थांबले. हणमंतानं नाक चिमटीत धरलं. ऋचानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. चाळीस माणसांनी एकदम श्वास आत घेतला आणि दिवाणखान्यातली हवा कमी झाल्यासारखी झाली.

"सांगा ना," यामिनी म्हणाली. "होती का ती तुमच्या आयुष्यात?"

तिचा पहिला चेहरा सुरू झाला. विश्वंभरच्या छातीत "नाही" तयार होतं, गोल, गुळगुळीत, नुसतं सोडायचं बाकी. पण पेडणेकर आधीच दोन्ही डोळे मिटून, हेडफोन दाबून, मान हळूहळू त्याच्या दिशेनं वळवत होते. सोडलं तर ते येऊन त्याला धरणार, मग ऋचा येणार, पदर बाजूला होणार, आणि ह्या वेळी हणमंता कोणाला विचारत बसणार नाही. विश्वंभरनं श्वास रोखला.

यामिनीच्या डोळ्यांनी विचारलं, बोला.

दुसरा चेहरा. कानात ठोके पडायला लागले. मंदाच्या घराचा जिना चढताना तिसरी पायरी हलते, पाय कडेला ठेवावा लागतो, असं त्याला आठवलं. तो जिना त्यानं पाहिलेला नव्हता. त्यानं घाईघाईनं छातीतला शब्द चाचपला. तो अजून गोल होता, पण "नाही"च होता की दुसरा कुठला, हे बाहेर काढल्याशिवाय कळणार नव्हतं.

खोक्यावर घोणसेचा अंगठा नागपूरचं काहीतरी लिहीत होता, श्वास न घेता.

तिसरा चेहरा सुरू झाला. दिग्दर्शक थांबा म्हणेना, कारण त्यालाही श्वास सोडता येत नव्हता. चाळीस जणांचे गाल फुगलेले, कपाळाच्या शिरा ताठलेल्या, आणि सगळ्यांच्या मधोमध विश्वंभर खर्डेकर, जांभळा पडत चाललेला, मूठ आवळून उभा. यामिनी त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी जमलं होतं, पापणी लवत नव्हती, आणि तिनं चौकट भिंतीपासून बोटभर उचलली होती.